कोरी पुस्तिका

मी लिहायला बसावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात लिहिण्याचा संबंध सहीपुरता होता, आणि तोही वडिलांपासून. आजोबा अंगठाच उठवत. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला. आमच्या गल्लीतल्या लोकांना वाटतं की कॉलेजात गेलेल्या माणसाला लिहिता येतंच. येत नाही. तरी लिहितो आहे, चुकलंमाकलं पदरात घ्यावं. मला फक्त एका परीक्षेबद्दल सांगायचं आहे. त्या परीक्षेत मला शून्य मिळालं होतं. शून्य मिळवणाऱ्यानं परीक्षांबद्दल बोलू नये असं कुणी म्हणालं, तर त्यालाही माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

वडील नालबंद. संस्थान होतं तेव्हा ते पागेत नोकरीला होते. त्यांचे वडीलही तिथेच. मध्य भारत राज्य झालं, संस्थानं एकत्र आली, पागेतले घोडे हळूहळू कुठे कुठे गेले, आणि बाबा स्टेशनाजवळच्या टांगा-स्टँडावर लिंबाखाली बसून टांग्यांच्या घोड्यांना नाल मारू लागले. टांगेवाले त्यांना उस्ताद म्हणत. पागेतल्या घोड्यांची आठवण बाबा कधी काढत नसत. फक्त एखादा टांगेवाला घोड्याला उगाच चाबूक मारताना दिसला की म्हणत, "भिया, ये पागा में होता तो तू इसका पानी भरता."

माझं शिक्षण दुसऱ्यांच्या पुस्तकांवर झालं. आमच्या भागातल्या मराठी घरांतून एक रीत होती. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाची पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलाकडे जात, त्याच्याकडून पुढच्याकडे. या सगळ्या देवघेवीचा कारभार एका काकूंकडे होता. काकूंचे यजमान संस्थानच्या कचेरीत कारकून होते, आणि काकूंनी आपल्या दोन्ही मुलांची पुस्तकं अशी जपली होती की तीच पुढे दहाबारा मुलांना पुरली. काकू पुस्तक देताना पुठ्ठा घालून देत, आणि परत घेताना ओट्यावर बसून पानं एकेक करून उलटत. शेजारी रबर ठेवलेलं असे. कुठे पेन्सिलीची रेघ दिसली की त्या स्वतः न खोडता रबर मुलाच्या हातात देत आणि म्हणत, "खोड. मेल्या, पुस्तक म्हणजे काय तुझी पाटी आहे?" शाईची खूण सापडली तर पुढच्या वर्षीची पुस्तकं बंद. माझ्या वर्गातल्या एकाची अशी बंद झालेली मी पाहिली होती. त्यानं शाळाच सोडली. कारणं आणखीही असतील, पण मला तेवढंच कारण ठाऊक होतं.

त्यामुळे छापील कागदावर लिहायचं नाही, ही गोष्ट माझ्या हाडात बसली. वाचताना मी पेन्सिल दुसऱ्या खोलीत ठेवून येत असे.

मॅट्रिकला मला बरे गुण मिळाले. मला विज्ञानाला जायचं होतं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. बाबा खूर कापताना मला वाटायचं, की लोखंड तापलं की लाल का होतं आणि खूर जळतो तेव्हा घोड्याला दुखत का नाही, हे कुणीतरी आपल्याला सांगावं. बाबांना विचारलं तर ते म्हणत, "नहीं दुखता, बस." आमच्याकडे असंही व्हायचं, विचारायचं मराठीत आणि उत्तर हिंदीत.

ज्या कॉलेजात विज्ञानाची शाखा होती तिथे जागा थोड्या होत्या. आणि त्या वर्षी तिथल्या एका प्रोफेसरसाहेबांनी नवीनच पद्धत काढली. नुसत्या मॅट्रिकच्या गुणांवर प्रवेश नाही. सगळ्यांची एक चाचणी होणार, आणि तिच्या क्रमानं जागा भरणार. साहेब बाहेरून शिकून आलेले होते. त्यांनी अर्ज करणाऱ्या मुलांना एकदा हॉलमध्ये बोलावून कारण सांगितलं. आता कितीतरी संस्थानं एक झाली आहेत. एका ठिकाणी मास्तर हात आखडून गुण देतात, दुसऱ्या ठिकाणी सढळ हातानं. एकाचे साठ आणि दुसऱ्याचे साठ सारखे कसे धरायचे? म्हणून सगळ्यांना एकच कागद, एकच वेळ, एकच माप. मला ते पटलं. आजही पटतं. आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर पन्नासच्या वर गुण द्यायला कचरत, आणि माझ्यापुढे बसलेला धारचा एक मुलगा पंच्याऐंशी सांगत होता.

टांगा-स्टँडावर बातमी पोचायला वेळ लागला नाही.

"उस्ताद, सुना है अब लौंडों का दिमाग तौलेंगे?"

"हाँ," बाबा खुरावर कानस चालवत म्हणाले.

"तो सराफे में ही ले जाते. वहाँ तो कसौटी भी है, तराजू भी."

सगळे हसले. बाबाही हसले. मग घोड्याचा पाय खाली सोडत मला म्हणाले, "तू जा. नीट जेवून जा."

चाचणीच्या दिवशी मी जेवून गेलो. हॉलमध्ये लांब बाकं होती. प्रत्येकाच्या पुढे एक छापील पुस्तिका, एक कोरा कागद, आणि टोक केलेली पेन्सिल. पुस्तिकेच्या कव्हरावर आमचा नंबर आधीच घातलेला होता. इतकी नवी छापील वस्तू माझ्या हातात पूर्वी कधी आली नव्हती. माझ्याकडे आलेली पुस्तकं नेहमी चौथ्या-पाचव्या हातातली. हिची पानं एकमेकांना चिकटलेली होती आणि शाईचा वास येत होता. सूचना देणारे गृहस्थ भराभर बोलत होते, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. बाकं सरकत होती. मी पानं सुटी करण्यात गुंतलो होतो. "निशान लगाइए" एवढं कानावर पडलं. कुठे लावायचं ते पडलं नाही.

पण खरं सांगायचं तर ते नीट ऐकलं असतं तरी मी बहुधा तेच केलं असतं जे केलं. शाळेत नेहमी प्रश्नपत्रिका वेगळी आणि उत्तराचा कागद वेगळा असे. इथेही एक छापील होतं आणि एक कोरं. छापील वाचायचं, कोऱ्यावर लिहायचं. यात शंका येण्यासारखं काय होतं?

मी कोरा कागद घडी घालून चार रकाने पाडले, आणि प्रश्नाचा नंबर घालून उत्तर लिहू लागलो. अक्षर चांगलं काढलं. प्रश्न मला आवडले. आकड्यांची ओळ द्यायची आणि पुढचा आकडा विचारायचा. पाच शब्द द्यायचे आणि न जुळणारा ओळखायचा. उलटी-सुलटी केलेली चित्रं. घोडा आणि तबेला यांचं जे नातं तेच पक्षी आणि कशाचं, असंही एक होतं. ते वाचून मला हसू आलं. मध्येच मी उजवीकडे पाहिलं. शेजारचा मुलगा छापील पुस्तिकेत सरळ रेघा ओढत होता. मला धक्का बसला. डावीकडचाही तेच करत होता. आता हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी माझ्या मनात आलं ते असं, की मोठ्या घरची मुलं आहेत, यांना पुस्तकाची काय किंमत. मला त्यांची थोडी काळजीही वाटली.

देखरेख करणारे गृहस्थ माझ्याजवळ थांबले. माझे रकाने पाहिले. "अरे वाह," म्हणाले, "रफ भी सुलेख में!" आणि पुढे गेले. मला वाटलं, शाबासकी मिळाली.

घंटा झाली. लिहून लिहून बोट दुखत होतं, शेवटचे काही प्रश्न राहिले होते. एक माणूस पुस्तिका गोळा करत आला. मी पुस्तिकेबरोबर माझा कागदही पुढे केला. त्यानं पुस्तिका घेतली आणि कागद परत बाकावर टाकला. "रफ अपने पास रखो. इसका क्या अचार डालेंगे?"

मी कागद खिशात घातला. तेव्हासुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, नंतर मागतील.

यादी आठ दिवसांनी लागली. फळ्यासमोर गर्दी होती. मी वरून वाचत गेलो, मग मधून, मग खालून. माझा नंबर सगळ्यात शेवटी होता. नंबरासमोर शून्य.

"ये देख, एक जीरो भी है," माझ्यापुढचा मुलगा त्याच्या मित्राला म्हणाला.

"जीरो कैसे आएगा यार? आँख बंद करके निशान लगाओ तो भी दस-पाँच आ जाएँ."

"सो गया होगा."

"सोने में भी हाथ तो हिलता है."

मी गर्दीतून बाहेर आलो. पाय घराकडे वळत नव्हते. व्हरांड्यात त्या कॉलेजचा चपराशी बसला होता, वयस्कर, पांढऱ्या मिशांचा. मी त्याला विचारलं, आपली पुस्तिका पाहायला मिळते का. तो आत गेला, कारकुनाशी काही बोलला, आणि पुस्तिका घेऊन बाहेर आला. माझ्या हातात न देताच त्यानं पानं उलटून दाखवली.

"देख लो भिया. एकदम कोरी. अगले साल किसी और को दे देंगे."

पानापानावर, प्रत्येक प्रश्नाखाली, रेघ मारायला जागा सोडलेली होती. मग मला सगळं एकदम कळलं. ते गोळा करणाऱ्याचं अचार, ते सुलेख, शेजाऱ्यांच्या रेघा. खिशातला कागद मी आठ दिवस तसाच ठेवला होता. तो काढून मी चपराशाला दाखवला. तो वाचू शकत नव्हता, पण त्यानं रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "साहब अंदर हैं. जाओ. डाँटेंगे तो डाँटेंगे."

प्रोफेसरसाहेब रागावले नाहीत. मी कागद टेबलावर ठेवला आणि जे घडलं ते सांगितलं. माझी हिंदी तेव्हा अशी होती की घाबरलो की निम्मी मराठी होत असे. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. पुस्तकांवर न लिहिण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. मग माझा कागद उचलला आणि न वाचताच माझ्याकडे सरकवला.

"मैं इसे नहीं जाँचूँगा," ते म्हणाले. "ये काग़ज़ हॉल से बाहर जा चुका है. तुम सच बोल रहे हो, मुझे लगता है. पर जो लड़का झूठ बोलेगा वो भी ऐसे ही काग़ज़ लेकर आएगा. तब मैं क्या करूँगा?"

मी कागदाची घडी घालून तो परत खिशात ठेवला. कारण ते बरोबर बोलत होते. सगळ्यांना एकच माप म्हटल्यावर मला वेगळं माप कसं मागायचं?

घरी आईला सांगितलं. आई काकूंकडे गेली असावी, कारण संध्याकाळी काकू स्वतः आमच्याकडे आल्या. त्या कधी कुणाकडे येत नसत, मुलंच त्यांच्याकडे जात. हातात एक पदार्थविज्ञानाचं पुस्तक होतं, त्यांच्या धाकट्याचं, पुठ्ठा घातलेलं. त्या ओट्यावर टेकल्या आणि पुस्तक मधूनच उघडून माझ्यापुढे धरलं.

"मार रेघ."

"काकू, राहू द्या."

"मार म्हणते ना. माझ्यामुळे कोरं ठेवलंस ना सगळं? मग यात मार."

"तुमच्यामुळे नाही हो काकू."

"मग काय माझ्या सासूमुळे?" त्यांचा आवाज चढला, पण डोळे भरलेले होते. "मी इतकी वर्षं पुस्तकं जपली ती कशाला? पोरं शिकावीत म्हणून ना? का पुस्तकंच शिकायची होती? घे पेन्सिल."

मी पेन्सिल घेतली. एका ओळीखाली रेघ मारली. ओळ कुठली होती ते पाहिलंही नाही. काकूंनी पुस्तक आपल्याकडे वळवून ती रेघ पाहिली.

"बरीच दाबून मारलीस की रे," त्या म्हणाल्या. "खोडता येईल अशी मारायची होती. असो." आणि पुस्तक माझ्याकडे ठेवून गेल्या. "हे तुझ्याकडेच राहू दे. परत नको."

बाबांना मी दुसऱ्या दिवशी स्टँडावर सांगितलं. ते एका घोडीची जुनी नाल काढत होते. पकडीनं खिळे उपसून त्यांनी नाल हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे बोटानं चाचपून पाहिली. जुनी नाल वाचणं हे त्यांचं खरं काम, असं टांगेवाले म्हणत. कुठल्या बाजूनं किती झिजली आहे ते पाहून ते सांगत, की घोडा पाय आत टाकतो का घासत चालतो, ओझं एकीकडे जास्त पडतं का, मालक चढावर पळवतो का. "ही बाहेरून झिजलीय," ते म्हणाले, "खांद्यात दुखतंय तिच्या." टांगेवाल्यालाही ते माहीत नव्हतं.

मी विचारलं, "नवी नाल मारतानाच नाही का हे कळत?"

"नाही." ते नव्या नालेकडे हात करत म्हणाले, "नवी सगळ्यांची सारखीच असते. घोडा उभा असतो तेव्हा सगळेच नीट उभे असतात. महिनाभर चालू दे, मग मी सांगतो."

बाबांनी हे मला शिकवायला म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात ती घोडीच होती. पण मी तिथून उठलो आणि सरळ कॉलेजात गेलो. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. राजवाड्याच्या चौकात तर मी थांबलोसुद्धा. काय म्हणून जायचं? नियम मोडा म्हणून सांगायला? मग मनाशी ठरवलं, की नियमात जे बसेल तेवढंच मागायचं. पण मागितल्याशिवाय परतायचं नाही.

"सर, प्रवेश नको," मी साहेबांना म्हणालो. "फक्त वर्गात बसू द्या. शेवटी, मागच्या बाकावर. सहामाहीपर्यंत. सहामाहीला इतरांबरोबर पेपर लिहू द्या. मग बघा."

"और अगर सबने यही माँगा तो?"

"कुणी मागितलं नाही, सर."

ते पहिल्यांदा हसले. मग टेबलावरचे कागद बाजूला सारले. म्हणाले, की मुलं दरवर्षी मध्येच सोडून जातात. यंदा कुणी सोडलं तर ती जागा सहामाहीच्या गुणांवर भरायचा अधिकार त्यांना आहे. पण कुणी सोडलंच नाही तर काही नाही. तोवर हजेरीपटात नाव नाही. पेपरावर फक्त नंबर घालायचा; तपासणाऱ्याला तो कुणाचा ते कळणार नाही. आणि प्रयोगशाळेत उभं राहायचं, पण कशाला हात लावायचा नाही, कारण साहित्य प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे.

"मंज़ूर?"

"मंज़ूर, सर."

बाहेर चपराशानं विचारलं, "डाँटा?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "तो फिर चेहरा क्यों ऐसा है? हँस तो दो."

त्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मी रोज जात होतो. हजेरी घेताना माझ्या आधीचं नाव येई, मग माझ्या नंतरचं, आणि मधे क्षणभर मला वाटे की आता आपला श्वास ऐकू जाईल. चाचणीत पहिला आलेला मुलगा माझ्यापुढेच बसत असे. तो खरोखर हुशार होता, हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोक मला ऐकताना वाट बघतात की तो पुढे नापास झाला असं मी सांगेन. तसं झालं नाही. तो सहामाहीतही पहिला आला. कुठलंही गणित तो मला समजावून देत असे, आणि माझ्या शून्याची गोष्ट त्यानं कधी काढली नाही. चाचणीनं त्याला बरोबर ओळखलं होतं.

प्रयोगशाळेत मी हात मागे बांधून उभा राहत असे. दुसरे तराजू लावत, परीक्षानळ्या तापवत, मी नुसतं पाहत असे. पुस्तकाला जसा हात लावायचा नाही तसंच हे, असं मी स्वतःला समजावलं. त्यात मी लहानपणापासून तरबेज होतो. पण एक गोष्ट मिळाली. हात मोकळे नसले की डोळे जास्त काम करतात. एखाद्याचा तराजू वाकडा असला तर तो मला आधी दिसे. हळूहळू मुलं मला विचारू लागली, "भिया, देखना, मेरा ठीक है क्या?" मी लांबूनच सांगत असे.

लोखंड लाल का होतं, हे त्या सहामाहीत एका दुपारी वर्गात सांगितलं गेलं. मी बाबांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "असेल." मग थोड्या वेळानं, "खुराचं काय सांगितलं?"

"खुराचं अजून नाही."

सहामाही झाली. माझा नंबर पहिल्या दहांत लागला. पण जागा एकही रिकामी झाली नाही. कुणी सोडून जाईना. चपराशी रोज मला पाहून मान हलवायचा, नाही म्हणून. एखाद्या मुलानं कॉलेज सोडावं अशी मनात इच्छा धरणं किती वाईट, हे मला त्या दिवसांत कळलं. कुणी दोन दिवस दिसला नाही की मला आशा वाटे, आणि मग शरम.

याच सुमारास बाबांच्या पागेतल्या जुन्या सोबत्यानं महूहून निरोप धाडला. छावणीत घोड्यांच्या सामानाच्या कोठारात एक माणूस हवा आहे, लिहितावाचता येणारा. मुलगा सोमवारी येऊन भेटू दे, नाहीतर दुसरा घेतील. बाबांनी मला निरोप सांगितला. आई म्हणाली, "चांगली नोकरी आहे रे. लिहिण्याचीच आहे."

"मी सोमवारी जाईन," मी म्हणालो. "पण शनिवारचा वर्ग चुकवणार नाही."

"जागा कुठाय पण?" आई म्हणाली.

"नसू दे."

बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे त्याला शनिवारी," ते आईला म्हणाले.

शनिवारी मी गेलो. शेवटचा तास होता तो. माझ्याच बाकावर बसणारा एक मुलगा त्या दिवशी आला नव्हता. चाचणीत तो वरच्या दहांत होता. तास सुटल्यावर तो व्हरांड्यात भेटला, कपडे बदलून, हातात एक लहान ट्रंक. त्याची फौजेत निवड झाली होती, आणि तो आनंदानं अर्धा नाचत होता. मला मिठी मारून म्हणाला, "मला फौजेतच जायचं होतं रे, पहिल्यापासून. डोकं सगळ्यांनी तपासलं. काय पाहिजे ते कुणी विचारलंच नाही."

मला त्याचा आनंद दिसत होता, आणि त्याच वेळी मी मनात हिशोब मांडत होतो. त्याचं नाव आज कापतील का सोमवारी? त्या जागी माझंच नाव लागेल असं कुठे ठरलं आहे? माझ्यानंतर आणखी कुणी साहेबांकडे हेच मागून वर्गात बसला असेल तर? विचारायला आत गेलो तर साहेब निघून गेले होते. सोमवारी सकाळी मला महूला पोचायचं होतं.

मी स्टँडावर आलो. दुपार होती. बाबांच्या पुढ्यात एक पांढरा घोडा होता. मी घोड्याचं डोकं धरून उभा राहिलो, लहानपणी धरत असे तसा. बाबांनी तापलेली नाल खुरावर टेकवली, धूर उठला. घोडा हलला नाही.

तेवढ्यात सायकलीची घंटा वाजली. कॉलेजचा चपराशी पायडल मारत टांग्यांच्या रांगेतून आला, धापा टाकत उतरला, सायकल लिंबाला टेकवली. टांगेवाले सरकून बघू लागले. त्यानं आधी बाबांना रामराम केला, मग मिशांवरून हात फिरवला, आणि मला म्हणाला,

"भिया, साहब ने घर से कहलवाया है. सोमवार से हाज़िरी में तुम्हारा नाम बोला जाएगा. ज़ोर से बोलना 'हाज़िर', साहब थोड़ा ऊँचा सुनते हैं. और प्रैक्टिकल में अब हाथ पीछे मत बाँधना."